साऊंड इंजिनिअर म्हणून टिकायचं कसं? (लाईव्ह, नाटक, शूटिंग, स्टुडिओ सगळ्यांनी लिहा)

फेडरवर_बोट:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात लाईव्ह साऊंड करतो. नाटकं आणि शास्त्रीय-सुगमच्या मैफिली जास्त, मधून मधून कंपन्यांचे इव्हेंट. वीसेक वर्षं झाली असतील. धागा काढायचं कारण असं की माझ्या हाताखाली शिकलेली बरीच चांगली पोरं तिसऱ्या-चौथ्या वर्षी लाईन सोडून गेली, कोणी बँकेत लागलं, कोणी वडिलांच्या दुकानात बसलं. कान चांगले होते त्यांचे, मिक्सिंग येत नव्हतं म्हणून कोणी गेलं नाही. पैसे अडकले, झोपेचं खोबरं झालं, घरचे लग्नाचं विचारायला लागले आणि पुढे काय हे सांगायला कोणी नव्हतं. कॉम्प्रेसर (आवाजाची चढ-उतार आवरणारं यंत्र) कसा लावायचा याचे व्हिडिओ ढिगाने मिळतात पण या कामावर चाळिशीत घर कसं चालवायचं यावर मराठीत कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून म्हटलं आपणच बोलू.

माझं मत आधी सांगून टाकतो. या लाईनमध्ये पहिलं काम ओळखीने मिळतं, ते काही मोठं नाही. ज्याला दुसऱ्यांदा फोन येतो तो टिकतो, आणि दुसरा फोन मिक्स किती भारी होता यावर फार कमी वेळा येतो. तुम्ही वेळेवर आलात का, कलाकार स्टेजवर निवांत होता का, कार्यक्रम मध्येच बंद पडला का, एवढंच आयोजकाच्या लक्षात राहतं.

बंद पडायचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त वेळा कारण लाईट असतं. मी कुठेही पोचलो की बॅगेतून आधी मल्टिमीटर निघतो. हॉल कितीही नावाजलेला असो. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास पाहिजे, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिथे तीस-चाळीस दिसले की मी एकही केस उघडत नाही, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत खुर्चीत बसून राहतो. थ्री फेजवर न्यूट्रल सुटला तर एका फेजवर शंभर-सव्वाशे आणि दुसऱ्यावर साडेतीनशेच्या पुढे जाऊ शकतं, मग मिक्सर, वायरलेसचे रिसिव्हर, कीबोर्डवाल्याचा ॲडॅप्टर सगळं एका क्षणात जातं आणि भरून द्यायला कोणी येत नाही. अजून एक, हम (स्पीकरमधून येणारी घूं घूं) येतो म्हणून प्लगची अर्थ पिन काढायची जी सवय आपल्याकडे आहे ती आजच्या आज बंद करा. हम जातो खरा पण मग एक हात गिटारवर असताना गायकाचा ओठ माईकला लागला की झटका त्याला बसतो. स्टेज आणि मिक्सरला एकाच ठिकाणाहून लाईट घ्या, तरी राहिला हम तर डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्ट म्हणजे ऑडिओ केबलची अर्थ तोडणारं बटण असतं ते वापरा.

हे सगळं कोणाला दिसत नाही, यासाठी टाळ्या पडत नाहीत. पण मला वर्षानुवर्षं बोलावणारे जे आयोजक आहेत ते याच्यामुळे आहेत असं मी छातीठोकपणे सांगतो.

आता तुमचं लिहा. स्टुडिओवाले, शूटिंगवाले, गावाकडचे मंडपवाले सगळेच.

अथर्व_सांगली:

दादा एकदम वेळेवर धागा आला. मी बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या गॅदरिंगला साऊंड मीच बघतो, घरी रीपर या सॉफ्टवेअरवर मित्रांची गाणी मिक्स करतो. मुंबईतल्या एका प्रायव्हेट कोर्सची चौकशी केली तर फी बरीच लाखांत आहे, बाबा म्हणतात कर्ज काढू, मला धाकधूक वाटते. कोर्स करावा की सरळ कोणाकडे तरी लागावं? आणि एआय आल्यावर हे काम राहणार आहे का, हे पण सांगा.

मीनाक्षी_डबिंग:

अथर्व, मी अंधेरीत पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात आहे, डबिंग रेकॉर्डिंगपासून सुरुवात केली, आता डायलॉग एडिट आणि मिक्स करते.

कर्ज काढून प्रायव्हेट कोर्स या कल्पनेच्या मी विरोधात आहे, स्पष्टच सांगते. या लाईनमध्ये पहिली दोन-तीन वर्षं कमाई जेमतेम असते आणि हप्ता पहिल्या वर्षापासून मागे लागतो, मग माणूस शिकायचं काम सोडून जिथे चार पैसे जास्त मिळतील तिथे पळत राहतो. शिकायचंच असेल तर पुण्याच्या एफटीआयआयचा (फिल्म इन्स्टिट्यूट) साऊंड रेकॉर्डिंग आणि साऊंड डिझाईनचा तीन वर्षांचा कोर्स आहे, कोलकात्याला सत्यजित राय इन्स्टिट्यूट आहे, दोन्ही सरकारी, प्रवेश परीक्षा देऊन आत जायचं. ऑस्कर मिळालेले रसूल पुकुट्टी एफटीआयआयचेच. जागा मोजक्या आणि परीक्षा अवघड आहे हे खरं, पण पदवी झाली की एक वर्ष तयारीला दे. नाही मिळालं तर त्या वर्षात सिनेमे कान देऊन बघण्याची सवय तरी लागेल.

पोस्टमध्ये टिकायचं तर डिलिव्हरी समजली पाहिजे. मिक्स छान झाला हे आपण म्हणून चालत नाही, मोजमापात बसला पाहिजे. नेटफ्लिक्सला उणे २७ एलकेएफएस (आवाज सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप) लागतं, ते पण डायलॉगवर मोजलेलं, दोनचा फरक चालतो, आणि ट्रू पीक म्हणजे आवाजाचं सर्वात उंच टोक उणे २ च्या वर जाता कामा नये. टीव्हीचं वेगळं, स्पॉटिफाय-यूट्यूब साधारण उणे १४ ला आणून ठेवतात ते वेगळं. त्यात एम अँड ई म्हणजे डायलॉग काढून फक्त संगीत आणि इफेक्ट्सचा ट्रॅक द्यावा लागतो, दुसऱ्या भाषेत डब करायला. आता शूटिंगच्या आवाजात डायलॉगबरोबर बांगड्या, पावलं, कपबशी सगळं एकत्र आलेलं असतं, डायलॉग काढला की तेही जातं, मग ते सगळं फोलीत, म्हणजे स्टुडिओत ते आवाज नव्याने काढून, परत करायचं. क्यूसीमधून (तपासणी विभाग) रिपोर्ट येतो, अमुक मिनिटाला पाऊल नाही, तमुक मिनिटाला मूळ भाषेतला श्वास राहिलाय. ज्याचे रिपोर्ट कोरे परत येतात त्याला काम मिळत राहतं. हे काम किचकट आहे, रात्री अडीचला दाराच्या कडीचा आवाज शोधत बसावं लागतं, आणि मला ते मनापासून आवडतं.

एआयचं म्हणशील तर आवाज साफ करायचं छोटं काम कमी झालंय हे नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी पॉडकास्टवाले फॅनचा आवाज काढून द्या म्हणून पैसे द्यायचे, आता ते स्वतः बटण दाबतात. पण यंत्राने साफ केलेल्या डायलॉगमध्ये शब्दाची शेवटची व्यंजनं खाल्ली जातात. मराठीत तर 'नाहीत'चं 'नाही' झालं की अनेकांचं वाक्य एकाचं होऊन बसतं. ते ऐकून पकडणारा माणूस लागतोच. म्हणून भाषा पक्की ठेव, आपल्या कामात ती कमाईची गोष्ट आहे.

बूम_धरून_उभा:

मालिकांच्या सेटवरून लिहितोय, घोडबंदरला शूट चालू आहे, ब्रेकमध्ये टाईप करतोय तर चुका सांभाळून घ्या.

लोकेशन साऊंडमध्ये यायचं असेल तर शरीर लागतं. बारा-बारा तासांची शिफ्ट, बूम (लांब काठीवरचा माईक) डोक्यावर धरून, एका फ्रेममध्ये सासू कुजबुजते आणि सून किंचाळते आणि दोन्ही वापरण्यासारखं यायला हवं. लेपल (कपड्याला लावायचा छोटा माईक) लावताना आर्टिस्टला आधी विचारायचं, साडीला कुठे लावू, मंगळसूत्र घासतंय का, ही सभ्यता ज्याला नाही त्याला दुसऱ्या सेटवर कोणी घेत नाही. प्रत्येक जागेचा नुसता शांततेचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवायचा, रूम टोन, एडिटरचा जीव वाचतो (मीनाक्षीताई दुजोरा देतील). डायरेक्टर घाईत असतो, थांबायला तयार नसतो, तरी न लाजता म्हणायचं, सर तीस सेकंद द्या.

पैशाचं एक लक्षात ठेवा. मालिकांमध्ये पेमेंट नव्वद दिवसांनी येतं हा रिवाजच आहे. म्हणजे कामाला लागल्यावर तीन महिने खिशातून खायचं. मुंबईत खोली घेऊन येणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही आणि दुसऱ्या महिन्यात ती गावी परत जातात. सहा महिन्यांचा खर्च गाठीशी बांधून या. आणि कार्ड काढा, आपली साऊंडवाल्यांची संघटना आहे, वेस्टर्न इंडिया मोशन पिक्चर अँड टीव्ही साऊंड इंजिनिअर्स असोसिएशन. पैसे अडकले की एकट्याच्या फोनला कोणी विचारत नाही, संघटनेच्या पत्राला विचारतात.

मीनाक्षी_डबिंग:

रूम टोनला शंभर वेळा दुजोरा. तुम्ही दिलेल्या त्या अर्ध्या मिनिटावर आमचा अख्खा सीन उभा राहतो.

मंडपवाला_सातारा:

चांगली चर्चा चालू आहे पण सगळी पुण्या-मुंबईची. आमच्याकडे काम नाही का? माझी सिस्टीम आहे, घरचा व्यवसाय, वडिलांनी भोंगे आणि चार ॲम्प्लिफायरवर सुरू केलेला. लग्न, वास्तुशांत, कीर्तन सप्ताह, जत्रेतला तमाशा, शाळेचं स्नेहसंमेलन, निवडणुकीची सभा. वर्षातले पावसाळ्याचे महिने सोडले तर हाताला काम असतं. आणि इथे शिकायला मिळतं तेवढं कुठल्या कोर्सात मिळत नाही, सप्ताहात पन्नास टाळकरी आणि पखवाज, मध्ये बुवा, त्या गजरात बुवांचा शब्द मागच्या ओळीतल्या आजीपर्यंत पोचवायचा, करून बघा.

मैदान लांब असेल तर मागे दुसरे बॉक्स लावावे लागतात. नुसते लावले की शब्द दोनदा ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मागचे बॉक्स स्टेजपासून ३४ मीटरवर असतील तर त्यांना १०० मिलीसेकंद उशीर द्यायचा, वर अजून थोडा, म्हणजे आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं. हे मी एका तमाशाच्या फडाबरोबर फिरणाऱ्या म्हाताऱ्या साऊंडवाल्याकडून शिकलो. तो पावलांनी अंतर मोजायचा, शाळा चौथीपर्यंत झालेली.

आता डीजेच्या भिंतींबद्दल. मिरवणुकीच्या ऑर्डरमध्ये पैसा आहे, एका रात्रीत महिन्याचं सुटतं. मी त्या ऑर्डर घेणं बंद केलंय. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. मिरवणुकीत कोणी ते पाळू देत नाही. केस झाली की मंडळाचे कार्यकर्ते बाजूला होतात, सिस्टीम माझी जप्त होते. त्याहून मोठं म्हणजे त्या गाडीवर माझी पोरं आठ-दहा तास बॉक्सच्या पुढे उभी असतात. चार पैसे कमी आले तर चालतील, पोरं बहिरी झालेली मला चालणार नाहीत.

फेडरवर_बोट:

मंडपवाले, तुमच्यासाठी टोपी काढली. अथर्व, हे वाच नीट. सांगलीत राहूनही शिकता येतं.

कर्णपटल:

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, साऊंडवाले पेशंट बरेच येतात, बहुतेक उशिरा येतात.

ढोबळ हिशोब सगळ्यांना माहीत असावा. अमेरिकेच्या नायॉश संस्थेने सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. मोठ्या स्पीकरच्या पुढ्यात १०० म्हणजे काहीच नाही, त्यामुळे मंडपवाल्यांनी घेतलेला निर्णय वैद्यकीय दृष्टीने शंभर टक्के बरोबर आहे.

आवाजामुळे ऐकणं जातं तेव्हा आधी ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा पडतो, बरेचदा ४ च्या आसपास. बोलणं ऐकू येत असतं त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. साऊंडवाला मात्र नकळत तोच भाग मिक्समध्ये वाढवायला लागतो. लोक म्हणतात हल्ली यांचा आवाज टोचतो, आणि याला कळत नाही की काय बदललं. आतल्या ज्या पेशी मरतात त्या माणसात परत येत नाहीत, त्यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही.

दर वर्षी एकदा ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याची तपासणी काढा, कामावर लागायच्या आधी पहिला, म्हणजे तुलना करता येते. कापूस घालून काही होत नाही. फोमचे प्लग वरचे आवाज जास्त कापतात म्हणून साऊंडवाले ते काढून टाकतात, त्यापेक्षा म्युझिशियन इअरप्लग घ्या, ते सगळ्या फ्रिक्वेन्सी साधारण सारख्या कमी करतात, त्यात मिक्स करता येतो. आणि कार्यक्रमानंतर सकाळीसुद्धा कानात सूं आवाज राहिला असेल तर तो इशारा आहे, त्या दिवशी कानांना सुट्टी द्या.

सावली_एफओएच:

कान हा विषय आला ते बरं झालं.

मी लाईव्हमध्ये आहे, बाई. सुरुवातीला मिक्सरपाशी उभी असायचे आणि लोक मलाच विचारायचे साऊंडवाले कुठे गेले. लोडरच्या टेम्पोतून रात्री तीनला परत यायचं हे घरी पटवायला वेळ गेला. आता कामाच्या मेलमध्येच दोन ओळी टाकते, मुक्कामाची स्वतंत्र खोली आणि परतीची गाडी. जे नाही म्हणतात त्यांचं काम मी घेत नाही. नवीन मुलींनी हे पहिल्या दिवसापासून लेखी मागावं, मागण्यात काही गैर नाही.

टिकण्याबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सगळं थोडं थोडं येणारे खूप आहेत. एक गोष्ट अशी धरा की त्यासाठी लोक तुमचंच नाव घेतील. मी वायरलेस धरलं, कारण तेव्हा आमच्या भागात कोणी त्यात डोकं घालत नव्हतं. मोठ्या नाट्यसंगीताच्या किंवा पुरस्काराच्या कार्यक्रमात वीस-वीस वायरलेस माईक असतात, आणि प्रत्येक जण येईल ती फ्रिक्वेन्सी लावतो. ५०० आणि ५०१ मेगाहर्ट्झवर दोन माईक चालू केले की ते आपसात मिसळून ४९९ आणि ५०२ वर भूत उभं राहतं, तिसरा माईक तिथे लावला की खरखर, मध्येच गायब. माईक जितके वाढतील तितकी ही भुतं झपाट्याने वाढतात. त्यामुळे फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावर ठेवायच्या नाहीत, सॉफ्टवेअरमध्ये गणित करून लावायच्या, हॉलवर गेल्यावर आधी स्कॅन करायचा कारण टीव्हीचे सिग्नल आणि स्टेजमागची एलईडी वॉल पण त्रास देतात. अँटेना रिसिव्हरच्या पाठीमागे दडवू नका, माईक दिसेल अशा जागी उंच लावा. बॅटरी मध्यंतरात बदलायची म्हणजे बदलायचीच, अर्धी दिसत असली तरी.

एवढ्या एका कामासाठी मला आता दुसऱ्या साऊंड कंपन्या बोलावतात, ज्यांच्याशी एरवी माझी स्पर्धा असती.

ढोलकी_नि_तबला:

साऊंडवाला नाही, वादक आहे, पण राहवत नाही म्हणून लिहितो. आम्ही आयोजकाला सांगतो अमुक साऊंडवाला असेल तर बरं, त्यामुळे आमचं ऐका. सगळ्यात पहिलं, साऊंड चेकला आमच्याशी बोला. नाव विचारा. तबल्याला माईक लावायच्या आधी एकदा नुसता कानाने ऐका, माझा डग्गा कसा बोलतो, घुमारा किती आहे. बरेच जण येऊन माईक ठेवतात आणि फोन बघत लांब जातात. मैफिलीत गायक डोळ्याने खूण करतो, तानपुरा थोडा वाढवा म्हणून, तेव्हा ज्याची नजर स्टेजवर असते तो साऊंडवाला आमच्यासाठी देव असतो.

फेडरवर_बोट:

अगदी. मैफिलीत मी एक पाळतो. सुरुवातीच्या आलापात गायकाचा चॅनल हलवत नाही, तो त्या वेळी स्वतःचा आवाज आणि हॉल जुळवून घेत असतो, आपण इक्वलायझर फिरवला तर त्याच्या पायाखालची जमीन हलते. आणि मॉनिटरमध्ये (स्टेजवर कलाकाराकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झंकार, स्वच्छ ऐकू आली पाहिजे, बाकी सगळं नंतर. हार्मोनियम आपोआप सगळ्या माईकमध्ये जातेच, तिला वेगळं फार द्यावं लागत नाही.

नाटकाचं पण लिहून टाकतो. पुढे फूट माईक, वर लटकवलेले माईक, लोकांना वाटतं सगळे उघडे ठेवले की सगळं ऐकू येईल. उघड्या माईकची संख्या दुप्पट केली की फीडबॅकच्या (स्पीकरचा आवाज माईकमध्ये जाऊन वाजणारी शिट्टी) आधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. दोनाचे चार, चाराचे आठ केले तर ६ गेले. म्हणून स्क्रिप्ट मांडीवर घेऊन बसायचं, पात्र डावीकडून सोफ्याकडे चाललं की डावा खाली, मधला वर, आणि ओळीच्या आधी, ओळ सुरू झाल्यावर नाही. तालमींना जा. पैसे मिळत नसले तरी शेवटच्या तीन-चार तालमींना जाच. कोथरूडचं यशवंतराव चव्हाण, बालगंधर्व, गडकरी रंगायतन, शिवाजी मंदिर, प्रत्येकाचा आवाज वेगळा लागतो पण नाटक तुमच्या डोक्यात पक्कं असेल तर तुम्ही कुठेही सांभाळून न्याल. नाटकात प्रयोगाला नाईट म्हणजे दर प्रयोगाचं मानधन मिळते, ती फार मोठी नसते, पण नाटक चाललं तर वर्षभर तारखा ठरलेल्या असतात आणि तारखा ठरलेल्या असण्याची किंमत ज्याला हप्ते भरायचे त्याला विचारा.

अथर्व_सांगली:

बापरे, किती काही आहे. पैशाचं अजून कोणी सांगाल का? म्हणजे बिल कसं करायचं, अडकले तर काय?

सीए_गौरी:

साऊंड, लाईट, कॅमेरावाले बरेच क्लायंट आहेत माझ्याकडे, म्हणून लिहिते.

रोजच्या दरावर भाळू नका. समजा दिवसाचे ३००० मिळतात आणि महिन्याला १५ दिवस काम आहे, म्हणजे ४५,०००. पण पावसाळ्याचे आणि पितृपक्षाचे दिवस धरले तर वर्षातले तीन महिने काम नसल्यासारखंच, म्हणजे वर्षाचे ४,०५,०००, महिन्याला सरासरी ३३,७५०. घरखर्च या आकड्यावर बसवायचा. डिसेंबर-जानेवारीत आलेल्या पैशावर गाडी बुक करणारे जुलैत माझ्याकडे येतात. २०२० च्या मार्चमध्ये कार्यक्रम बंद झाले तेव्हा ज्यांच्याकडे सहा महिन्यांची शिल्लक होती त्यांनी सामान विकलं नाही, बाकीच्यांनी मिक्सर निम्म्या किमतीत काढले.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, आधारवर होते, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. फायदा असा की २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. सरकारच्या पोर्टलवर ऑनलाईन तक्रार करता येते. शिवाय आता कंपनीने अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तिला तो खर्च आयकरात वजा मिळत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतः फोन करतात. नोंदणी काम करायच्या आधीची हवी, नंतरची चालत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते, १८ टक्के. टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर) कापून पैसे आले तर रिटर्न भरा, जास्त कापलेला परत मिळतो, कितीतरी तरुण मुलं तो सोडून देतात.

आणि ॲडव्हान्स. तारीख अडवली की ठरावीक रक्कम आधी, कार्यक्रम रद्द झाला तर ती परत नाही, हे व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून घ्या.

फेडरवर_बोट:

गौरीताई, हे प्रिंट काढून माझ्या गोडाऊनमध्ये लावतो.

पेडणे_टू_पोर्ट:

गोव्याहून नमस्कार. एक वाट कोणी सांगितली नाही ती सांगतो, क्रूझ शिप. मी दोन कंत्राटांच्या मध्ये घरी असतो, आत्ता पेडण्यात आहे. जहाजावर थिएटर असतं, रोज शो, ऑडिओ टेक्निशियन लागतात. डिजिटल कन्सोल, वायरलेस, इन-इअर मॉनिटर, शो फाईल (शोची आधी साठवलेली सेटिंग) चालवता आली पाहिजे आणि इंग्रजी बोलता आलं पाहिजे. कागदपत्रांत एसटीसीडब्ल्यूचं (खलाशांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम) मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, मेडिकल, अमेरिकेच्या बंदराला जायचं तर सी१-डी हा जहाजावरच्या लोकांचा व्हिसा. कंत्राट साधारण सहा ते आठ महिन्यांचं, राहणं-खाणं त्यांचं, त्यामुळे पगार जवळपास सगळा वाचतो. मी त्यातून घराचं कर्ज फेडलं. पण सलग महिनोन्महिने सुट्टी नाही, आणि गणपतीला घरी नसणं हे मला अजून जड जातं, ते लिहिल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. एजंटने नोकरी लावून द्यायचे पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

बूम_धरून_उभा:

पेडणेकर, ऑडिओवाल्याने इथून सुटून तिकडे जायचं तर वय किती चालतं?

पेडणे_टू_पोर्ट:

वयापेक्षा मेडिकल बघतात. आणि कन्सोलची प्रॅक्टिकल चाचणी घेतात, व्हिडिओ कॉलवरसुद्धा. व्यनि (खाजगी निरोप) करा, कागदपत्रांची यादी देतो.

अथर्व_सांगली:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना आख्खा धागा वाचून दाखवला, कर्जाचा विचार सोडलाय. शेवटचं विचारतो, एफटीआयआयच्या परीक्षेची तयारी करता करता काम शिकायचं ठरवलं तर आधी विकत काय घ्यावं? माझ्याकडे साठवलेले थोडे पैसे आहेत, मित्र म्हणतो सेकंडहँड डिजिटल मिक्सर घे आणि भाड्याने दे.

फेडरवर_बोट:

मिक्सर घेऊ नकोस. सामान भाड्याने देणं हा वेगळा धंदा आहे, त्याला टेम्पो, गोडाऊन, माणसं, दुरुस्ती लागते, आणि सामानवाल्याला लोक सामानासाठी बोलावतात, त्याच्या कानासाठी नाही. आत्ता एक चांगला मल्टिमीटर, केबल टेस्टर, बंद हेडफोन, डोक्याला लावायचा टॉर्च, म्युझिशियन इअरप्लग, सोल्डरिंग गन आणि एक शुअर कंपनीचा एसएम ५८ माईक. हा माईक १९६६ पासून जगभर तसाच चालतोय, त्याचा आवाज कानात बसला की कुठल्याही हॉलमध्ये तो लावून बोललं की सिस्टीम कुठे घुमतेय हे कळतं. एक्सएलआर केबल (माईकची तीन पिनांची केबल) स्वतः बनवायला शीक, पिन १ शील्ड म्हणजे बाहेरची जाळी, २ हॉट, ३ कोल्ड या आतल्या दोन तारा, झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. मिक्सरची सॉफ्टवेअर बऱ्याच कंपन्या फुकट देतात, लॅपटॉपवर उघडून मेनू पाठ कर. राहिलेले पैसे बँकेत ठेव, गौरीताईंनी सांगितलेत तसे.

आणि फुकट काम किती दिवस करायचं असं तू विचारलं नाहीस पण सांगतो. शिकायला जातोस तिथे पहिल्या दिवसापासून निदान प्रवासखर्च आणि जेवण मागायचं. जो एवढंही देत नाही तो शिकवत पण नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

मंडपवाला_सातारा:

अथर्व, कराडच्या जवळ दिवाळीनंतर कीर्तन सप्ताह आहे, सात दिवस, सिस्टीम माझी. सांगलीहून एसटीने दीड-दोन तासांत येशील. पोरांबरोबर राहायची सोय आहे, जेवण पंगतीत, एसटीचं भाडं आणि रोजचे पैसे देईन, फार नाहीत पण देईन. पहिले दोन दिवस नुसत्या केबल गुंडाळायच्या, त्या पण माझ्या पद्धतीने, एक वेटोळं वरून एक खालून, कोपरावर गुंडाळलेली मला चालत नाही. तिसऱ्या दिवसापासून सकाळच्या काकड्याला तू मिक्सरवर बस, तेव्हा गर्दी कमी असते. व्यनि कर, गावाचं नाव आणि नंबर देतो.

अथर्व_सांगली:

व्यनि केलाय काका. मल्टिमीटर घेऊनच येतो.